स्टॉकहोमचा बेस्तरवार

सकाळचे सव्वाअकरा झाले असतील. स्टॉकहोमच्या एका कचेऱ्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या खाणावळीपुढे रांग लागली होती. कोट घातलेली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं. बँकेतली असतील, संगणक कंपन्यांतली असतील. रांगेच्या टोकाला एका मोठ्या पातेल्यात पिवळ्या वाटाण्यांचं दाट सूप रटरटत होतं आणि ही सगळी मंडळी मुकाट्याने एकेक वाडगा भरून घेत होती. शेजारी मोहरीची चटणी, कडक राईची भाकरी, लोणी. पलीकडे पातळ पॅनकेकची चळत आणि जॅमचं भांडं.

"काका, आज बेस्तरवार. आज गावभर हेच असतं," पुतणी म्हणाली.

गावभर म्हणजे खरोखरच गावभर. शाळांमध्ये, इस्पितळांत, कारखान्यांच्या भोजनगृहांत, सैन्याच्या छावण्यांत गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. यामागचं कारण फार जुनं सांगतात. स्वीडन कॅथलिक पंथाचा होता तेव्हा शुक्रवारी उपास असे, म्हणून आदल्या दिवशी पोटभर जेवून घ्यायचं. सोळाव्या शतकात देशाने पंथ बदलला, शुक्रवारचा उपास गेला. त्याच्या आदल्या दिवसाचं जेवण मात्र राहिलं. याच सूपातून एरिक चौदाव्या राजाला १५७७ साली कैदेत विष दिलं गेलं अशी आख्यायिका आहे. १९५८ साली त्याची कबर उघडली तेव्हा हाडांत आर्सेनिक सापडलं. एवढं होऊनही सूपावरचं लोकांचं मन उडालं नाही.

मी परतूर तालुक्यातल्या वाटूरचा. आमच्या फाट्यावरून एक रस्ता जालन्याला जातो, एक मंठ्याला, एक परतूरला. आयुष्यभर मास्तरकी केली. स्वीडन म्हटलं की मला तीन गोष्टी आठवायच्या: नोबेल, बोफोर्स, आणि गॅरेजात फळीवर रचलेले एसकेएफच्या बेअरिंगचे खोके. पुतणी नोकरीनिमित्त तिकडे गेली आणि सप्टेंबरात तिने मला आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या वहिनींना, बोलावून घेतलं. वहिनी माळकरी आहेत. मी मटण-मासे खातो, गाय आणि डुक्कर खात नाही. अशा दोघांना घेऊन स्वीडिश जेवण बाहेर कुठे जेवायचं, हा पुतणीपुढचा प्रश्न होता. तिने तो ज्या हिमतीने सोडवला त्याचं मला कौतुक आहे. त्यातून जे पाहिलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण श्रीमंत देश काय खातो याची माझी कल्पना पार वेगळी होती.

वाटाण्याच्या सूपात मुळात खारवलेलं डुकराचं मांस पडतं. पण आता बऱ्याच ठिकाणी बिनमांसाचं पातेलं शेजारीच असतं. विचारलं की सांगतात, आणि विचारलेलं कुणाला लागत नाही. वाळलेले पिवळे वाटाणे रात्रभर भिजवायचे, मऊ शिजवायचे, थाइमचा पाला टाकायचा. चवीला मवाळ, पण मोहरी ढवळून घेतली की नाकाला झटका बसतो. वहिनींनी दोन वाडगे घेतले. पॅनकेकमध्ये अंडं असतं, म्हणून त्यांनी नुसता जॅम खाल्ला. माळकऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं: स्वीडिश गोड पदार्थात अंडं नाही असं फार थोडं आहे.

दुपारच्या या जेवणाची तिथली रीत मला सर्वांत आवडली. कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोनपर्यंत बहुतेक खाणावळींत 'दागेन्स', म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं ताट मिळतं. एका किमतीत मुख्य पदार्थ, कोशिंबीर, ब्रेड-लोणी, पाणी आणि शेवटी कॉफी. आम्ही गेलो तेव्हा सव्वाशे-दीडशे क्रोनर पडत. आपल्या पैशांत हजार-बाराशे रुपये होत आणि पहिल्या दिवशी ते ऐकून वहिनींचा घास अडला. पण त्याच खाणावळीत संध्याकाळी बसलात तर रक्कम सहज दुप्पट होते. जेवल्यावर आपलं ताट आपणच उचलून ठेवायचं, साहेबानेही आणि शिपायानेही. रोख पैसे बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. स्वीडिश घरगुती जेवण कुठे मिळेल असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच असेल: दुपारी, कामकरी माणसांच्या रांगेत.

अशा साध्या जेवणाला ते लोक हुस्मान्सकोस्त म्हणतात. वाटाणे, बटाटे, हेरिंग मासा, कोबी, राईची भाकरी, रानातली आंबट फळं. यादी वाचली तरी कळतं की हे गरिबाघरचं अन्न आहे. आणि स्वीडन खरोखर गरीब होता, हे मला तिथे गेल्यावर नीट उमगलं. १८६७ साली उत्तरेत वसंत आलाच नाही म्हणतात, जूनपर्यंत तळी गोठलेली होती. पुढच्या वर्षी अवर्षण पडलं. लोकांनी पाइन झाडाची आतली साल सोलली, वाळवली, दळली आणि पिठात मिसळून तिची भाकरी खाल्ली. दगडफुलासारखी शेवाळं दळून खायचा सल्ला सरकारनेच दिला होता. १८५० ते १९३० या काळात बारा लाखांहून अधिक माणसं देश सोडून अमेरिकेला गेली. आज सगळ्या स्वीडनची वस्ती एक कोटीच्या थोडी वर आहे, यावरून त्या आकड्याचं वजन समजावं.

आमच्याकडच्या १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. आई खडी फोडायच्या कामावर जायची. तिथे सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे आणि तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. त्या पिढीने सुकडी आणि मिलोची नावं पुन्हा घरात काढू दिली नाहीत. भुकेच्या दिवसांचं अन्न माणूस विसरू पाहतो, असं मी तेव्हापासून धरून चाललो होतो. स्वीडनने झाडाच्या सालीची भाकरी सोडली, पण तिच्या आजूबाजूचं सगळं ताटात ठेवलं, आणि देश पैशाने भरून वाहू लागल्यावरही ठेवलं. हे पाहून मी खरोखर थक्क झालो.

बटाट्याचंच घ्या. त्यांच्या ताटात बटाटा नाही असं जेवण मी पाहिलं नाही. पण तीनशे वर्षांपूर्वी तिथे बटाटा कुणी शेतात लावत नव्हतं. योनास आल्स्त्रोमर नावाच्या उद्योजकाने १७२० च्या दशकात आलिंगसोस गावी तो लावून दाखवला. पुढे एवा एकेब्लाद या बाईंनी बटाट्यापासून पीठ आणि दारू काढायची रीत शोधली आणि १७४८ साली त्यांना शाही विज्ञान अकादमीत घेतलं. तिथे निवडून आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. बटाट्यासाठी अकादमीत जागा! शेतकऱ्याच्या घरातला म्हणून मला ही गोष्ट फार थोर वाटली. कोवळा बटाटा सालीसकट उकडून, वर लोणी आणि शेपूची पानं. शेपू तिथे सगळ्यावर पडते. वहिनींना त्या पाल्याने परदेशात धीर दिला.

अकादमीवरून दुसरी एक अकादमी आठवली. जुन्या शहरात, गामला स्तानच्या दगडी बोळात, 'देन यील्देने फ्रेदेन' नावाची खाणावळ आहे. १७२२ साली उघडली. रशियाशी आदल्या वर्षी तह झाला, त्या शांततेचं नाव तिला मिळालं. तळघरात उतरावं लागतं, वर विटांच्या कमानी, मेणबत्त्यांचा उजेड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंद पडायला आली तेव्हा आन्देर्स सोर्न या मोठ्या चित्रकाराने ती विकत घेऊन वाचवली आणि पुढे स्वीडिश अकादमीला देऊन टाकली. रवींद्रनाथांना १९१३ साली नोबेल देणारी ती हीच अकादमी. आजही साहित्याचं नोबेल ठरवणारे सभासद दर गुरुवारी याच खाणावळीत एकत्र जेवतात. इथे संध्याकाळचं जेवण महाग आहे, जागा आधी राखावी लागते. पण ताटात येतं काय? हेरिंग, बटाटे, लिंगोन, कोबी. कारागिरी वरच्या दर्जाची, वाण्याकडची यादी मात्र तीच. चित्रकाराने आपलं द्रव्य एका खाणावळीसाठी खर्चावं आणि विद्वानांच्या सभेने ती शतकभर सांभाळावी, यापुढे मी हात जोडले.

खिसा एवढा मोकळा करायचा नसेल तर सोदरमाल्म बेटावर ब्लेकिंगेगातान रस्त्याला 'पेलिकान' आहे. उंच छताचं बिअरगृह, लाकडी बाकं, आवाजाने भरलेलं. इथले मांसाचे गोळे नावाजलेले आहेत. मी ते खाल्ले नाहीत, कारण त्यात गाय आणि डुक्कर दोन्ही असतात. पण शेजारच्या टेबलावर आले तेव्हा पाहिले: लिंबाएवढे गोळे, साईचा रस्सा, काकडीचं लोणचं आणि लाल लिंगोन. या गोळ्यांची कृती काइसा वारी या पाककर्तीच्या १७५५ च्या पुस्तकात आहे. बारावा कार्ल राजा पोल्तावाला हरून काही वर्षं तुर्कांच्या आश्रयाला राहिला आणि १७१४ साली परतला. येताना कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सारणाचा पदार्थही आला असं मानतात. कोबीच्या त्या गुंडाळ्या आज पक्क्या स्वीडिश समजल्या जातात. पेलिकानला 'प्युत इ पान्ना' ही मिळतं: उरलेले बटाटे, मांस, कांदा बारीक चिरून परतायचं, वर अंडं आणि बीट. शिळ्यापाक्याचा हा पदार्थ भरल्या हॉटेलात मागून घेतात, आणि मागणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही.

मी मागवलं रेनस्काव. रेनडिअरच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप, अळंबी आणि साईत परतलेले, सोबत कुस्करलेला बटाटा. हे उत्तरेतल्या सामी लोकांचं अन्न. रेनडिअर पाळण्याचा हक्क स्वीडनमध्ये त्यांचाच आहे. चव रानाची, किंचित गोडसर, चरबी नाही. सगळ्या मुक्कामात जिभेवर राहिलेली चव कोणती म्हटलं तर ही.

ज्यांना गोळ्यांची नुसती ओळख करून घ्यायची आहे त्यांना एवढं लांब जायला नको. नवी मुंबईत तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात उघडलेल्या आयकियाच्या भोजनगृहात ते चिकनचे आणि भाज्यांचेही मिळतात. आयकियाने आपल्या दुकानांत गोळे विकायला १९८५ साली सुरुवात केली, कारण भुकेलं गिऱ्हाईक खुर्ची न घेताच निघून जातं हे मालकाने हेरलं होतं. तुर्भ्याचा गोळा चांगला आहे, पण त्याला स्वीडन समजू नका.

आता हेरिंग. बाल्टिक समुद्रातल्या या लहान माशाने त्या देशाला जगवलं. स्लुस्सेनजवळ तळलेल्या हेरिंगची गाडी उभी असते. राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेला मासा, कडक भाकरीवर ठेवलेला, वर कांदा आणि शेपू. उभ्याने खायचं. समोर पाणी, डोक्यावर समुद्रपक्षी, आणि ते घास पळवतात, सांभाळा. मला हा प्रकार फ्रेदेनच्या तळघराइतकाच मोलाचा वाटला. थोडं ऐसपैस बसायचं तर ओस्तरमाल्म्स सालुहाल ही १८८८ ची विटांची मंडई आहे, बरीच वर्षं दुरुस्तीत राहून २०२० साली पुन्हा उघडलेली. माशांच्या गाळ्यांना लागूनच बसायला टेबलं. लोणच्यातला हेरिंग मोहरीत, कांद्यात, शेपूत, सगळ्या तऱ्हांनी मिळतो. कच्चाच मुरवलेला असतो, गोडसर आंबट. पहिला घास मला जड गेला, दुसऱ्याला उकडलेला बटाटा सोबत घेतला तेव्हा गणित जमलं. कुजवलेल्या हेरिंगचे डबे ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी फोडायची प्रथा आहे. वासामुळे ते मोकळ्या हवेतच उघडतात. आम्ही त्यानंतर पोचलो होतो आणि वहिनी सोबत असल्याने मी तो विषयच काढला नाही.

ग्रँड हॉटेलच्या पाण्याकडच्या व्हरांड्यात स्मोर्गोसबोर्द मांडतात. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनने हा थाट मांडला आणि त्याचं नाव जगभर गेलं. मी समजत होतो की भरलेल्या टेबलावरून हवं ते वाढून घ्यायचं. पुतणीने थांबवलं. पहिली फेरी फक्त हेरिंगची, सोबत बटाटा. मग ताट बदलायचं. दुसरी फेरी इतर थंड माशांची, तिसरी थंड मांसाची, मग गरम पदार्थ, शेवटी गोड. दर फेरीला नवं ताट, थोडंच वाढून घ्यायचं, पुन्हा उठायचं. म्हातारी माणसं हे ज्या शिस्तीने करतात ते पाहण्यासारखं आहे. पंगतीत वाढपी आपल्याकडे येतो, इथे जेवणारा पदार्थांपाशी क्रमाने जातो. खर्च मोठा आहे. एकदा अनुभवावं.

पण मला पुन्हा जायचं असेल तर मी स्कान्सेनला जाईन. आर्तुर हासेलियुस नावाच्या माणसाने १८९१ साली यूरगोर्देन बेटावर हे उघड्यावरचं संग्रहालय उभं केलं, जगातल्या तसल्या पहिल्या संग्रहालयांपैकी एक. देशभरातली जुनी लाकडी घरं उचलून आणून मांडली आहेत आणि त्यांत माणसं जुनी कामं करताना दिसतात. एका घरात जुन्या वेशातली एक बाई तुनब्रोद नावाची पातळ पोळी भाजत होती. जवाचं पीठ मळलेलं. खाचा पाडलेल्या लाटण्याने ती ते एवढं पातळ लाटे की खालची फळी दिसावी. मग लांब सपाट काठीवर सबंध पोळी उचलून सरपणाच्या भट्टीत दगडावर टाकी, क्षणात फुगे येत, काठीनेच उलटवी. वहिनी दारात खिळल्या. आमच्याकडे काठवटीवर ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकतानाचा हात जसा असतो, तसाच तो हात होता, न थांबणारा आणि न पाहणारा.

"मला लाटू देती का, विचार तिला," वहिनी पुतणीला म्हणाल्या.

तिने दिलं. पहिली पोळी फाटली. बाईने खुणेने सांगितलं, पीठ जास्त लावा. दुसरी नीट निघाली. वर लोणी लावून आम्ही ती तिथेच उभ्याने खाल्ली. वहिनींना भाषा येत नव्हती आणि त्या बाईला मराठी, तरी सरपणाच्या धुराबद्दल दोघी बराच वेळ बोलत होत्या असं माझं ठाम मत आहे. कडक राईची भाकरीही त्या घरात टांगलेली पाहिली. मधे भोक असलेल्या चकत्या, आढ्याखालच्या आडव्या दांड्यात ओवलेल्या. वर्षातून दोनदाच भाजायची, वाळवायची, महिनोन्महिने खायची. लांबलचक हिवाळ्याची ही तजवीज. आज तीच चकती प्रत्येक खाणावळीत टोपलीत फुकट ठेवलेली असते.

लिंगोनबद्दल मी आतापर्यंत नुसतं नाव घेत आलो. हे रानात जमिनीलगत वाढणारं लाल, आंबट-तुरट फळ. एका रविवारी पुतणी आम्हाला गावाबाहेरच्या जंगलात घेऊन गेली, हातात डबे देऊन. जंगल खाजगी मालकीचं होतं. मी थबकलो. आमच्याकडे धुरा हातभर सरकला तर पिढ्यान्पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजतात. तिने सांगितलं की इथे दुसऱ्याच्या रानातून चालायचा आणि रानातली फळं-अळंबी वेचायचा हक्क प्रत्येकाला आहे, अगदी आपल्यासारख्या पाहुण्यालाही. घराच्या अंगणात शिरायचं नाही, पेरलेल्या पिकाला हात लावायचा नाही, काही मोडायचं नाही. १९९४ पासून हा हक्क त्यांच्या राज्यघटनेत आहे. आम्ही डबे भरले. संध्याकाळी लिंगोन साखरेत नुसते घोटून बटाट्यासोबत खाल्ले. खाणावळीतल्या ताटावरचा तो लाल चमचा कुठून येतो हे ठाऊक झाल्यावर त्याची गोडी वाढली.

दुपारी तीनच्या सुमाराला सगळा देश कॉफी आणि बन यांच्यासाठी थांबतो. कुंग्सगातानवरचं 'वेते-कात्तेन' १९२८ साली एस्तेर नूर्दहाम्मार या बाईंनी सुरू केलेलं मिठाईगृह, खोलीतून खोली निघत जाणारं. बनमध्ये वेलदोडा भरडून घातलेला असतो, आणि तो आपण घालतो त्यापेक्षा सढळ हाताने. युरोपच्या त्या टोकाला वेलदोड्याचा वास आला तेव्हा मी बराच वेळ नुसता वास घेत बसलो. फेब्रुवारीत गेलात तर साय भरलेला सेमला नावाचा बन खा. आदोल्फ फ्रेद्रिक राजा १७७१ साली भरपेट जेवणावर तोच गरम दुधात घालून खाऊन गेला, असा त्याचा लौकिक आहे.

जाणाऱ्यांनी जुलै टाळावा. निम्मं स्टॉकहोम तेव्हा गावाकडच्या घरात असतं आणि लहान खाणावळी दारं लावून घेतात. ऑगस्टात शेपूत उकडलेल्या गोड्या पाण्यातल्या शेवंडांच्या मेजवान्या, सप्टेंबरात लिंगोन आणि पिवळी शांतरेल अळंबी. ही अळंबी लोण्यात परतून भाजलेल्या पावावर देतात, वहिनींनी ती दोनदा मागवली. डिसेंबरात नाताळचं मोठं टेबल लागतं. त्यासाठी मात्र नोव्हेंबरच्या आधीच जागा राखून ठेवावी, कारण प्रत्येक कचेरी आपल्या माणसांना घेऊन तिथे येते.